मंजुळाच्या चित्रातली खिडकी

बर्फ मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही, फ्रीजमधला सोडला तर. तरी पंचवीसएक वर्षं मी नाशिक जिल्ह्यातल्या पोरांना तो काढायला शिकवला. निळा कार्डशीट, त्यावर कापसाचे पुंजके, दोन त्रिकोणी झाडं, एक उतरत्या छपराचं घर आणि छपरावर पुन्हा कापूस. खाली नाव, इयत्ता, तुकडी. विषय : हिवाळा. दर डिसेंबरात हा कारखाना आमच्याकडे चालायचा आणि मी तो अगदी मन लावून चालवायचे. बाई, निफाडकडं आभाळातून कापूस पडतो का, असं एकाही पोरानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मीच डाफरले असते.

चित्रकलेची बाई म्हणजे शाळेत कोण, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. गणिताचा भाग मागे पडला की जिचा तास काढून घेतात, ती. पाहुणे येणार असले की जिला चार दिवस फळ्यावर स्वागताचं कमळ काढायला बसवतात, ती. स्नेहसंमेलनाचा पडदा, दारातली रांगोळी, हेडसरांच्या मुलीच्या लग्नातलं रुखवत, सगळं तिच्याच गळ्यात. वर ऐकवायचं, "बाई, तुमचं काय, तुमचा हात फिरला की झालं!" मी आतून धुमसायचे आणि हात फिरवायचे. पण तास मिळाला की मी राणी. पहिली-दुसरीची पन्नास पोरं, पन्नास वाट्या पाणी, त्यातल्या दहा सांडलेल्या, आणि मधे मी पदर खोचून उभी. मला ते काम आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे.

सुरुवातीची दोन वर्षं मी मनमाडला होते. तिथली निम्मी पोरं रेल्वेवाल्यांची. विषय कुठलाही द्या, चित्रात इंजिन येणारच. दिवाळी दिली, तर इंजिनावर आकाशकंदील. हिवाळा दिला, तर एका पोरानं इंजिनाला मफलर बांधला होता. मी हसत सुटले, तर तो गंभीरपणे म्हणाला, "बाई, त्याला रात्री उघड्यावर उभं करतात ना." पुढं काही काळ गंगापूर रोडच्या एका शाळेत अर्धवेळ होते. तिथल्या एका आईनं लेकीचा 'हिवाळा' दुकानातून करून आणला होता. थर्माकोलचा बाहुला, डोक्यावर टोपी, नाकाला खरं गाजर. मी म्हटलं, अहो, हे तिनं कुठं केलंय? त्या म्हणाल्या, "मग शाळेत तरी ती कुठं करते मॅडम? तुम्हीच करता ना?" मला तो टोला चांगलाच झोंबला. कारण तो खरा होता.

हात फिरवणं म्हणजे काय, ते सांगते. पोर चित्र काढतं, ते पोरासारखं असतं. प्रदर्शनाला पाठवायचं तर परीक्षकांना नीटस लागतं. म्हणून आदल्या दिवशी चित्रकलेची बाई दार लावून बसते आणि निवडक चित्रांवर हात फिरवते. कुठं आभाळ सारखं कर, कुठं नाक सरळ कर, कुठं रिकाम्या जागी झाड घाल. सगळेच करायचे. मी जरा जास्तच सफाईनं करायचे, म्हणून आमच्या शाळेला बक्षिसं यायची. परीक्षक कधी कधी शाळेत येऊन पोरांना विचारायचे. त्याचीही तयारी मी करून घ्यायचे. "कुणी विचारलं, चित्र कुणी काढलं, तर काय सांगायचं?" आणि सगळा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "मीच काढलं!"

मंजुळाची गोष्ट नव्वदचं दशक सरतानाची. तोवर मी निफाडच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेत कायम झाले होते. राहायला नाशिकला, सकाळ-संध्याकाळ एसटीनं जाणं-येणं. गावाच्या चहूबाजूंनी द्राक्षबागा. भातकापणी उरकली की सुरगाण्या-पेठेकडची डोंगरातली माणसं बागांच्या कामाला यायची आणि द्राक्षं उतरेपर्यंत मळ्यातच राहायची. पोरं बरोबर असायचीच. आमचे हेडसर भला माणूस. ते मळ्यामळ्यांतून फिरून ही पोरं गोळा करायचे आणि चार महिन्यांपुरती वर्गात बसवायचे. आम्ही शिक्षक कुरकुरायचो. मधेच येणार, मधेच जाणार, ना वही ना पाटी.

मंजुळा अशीच दुसरीत येऊन बसली. सात वर्षांची असेल. तेल न लावलेल्या केसांची घट्ट वेणी, अंगात बापाचा स्वेटर, त्याच्या बाह्या चार घड्या घालून वर केलेल्या. बोलायची कमी. पण खडू हातात दिला की मान वर करायची नाही. माझ्या धंद्यात अशी पोर वर्षाला एखादीच भेटते. मी मनात म्हटलं, चला, यंदाचं बक्षीस सापडलं. लाज वाटते, पण पहिला विचार मनात आला तो हाच.

त्या वर्षी आसपासच्या शाळांचं प्रदर्शन आमच्याच शाळेत भरायचं होतं. विषय नेहमीचाच. मी फळ्यावर नमुना काढला. डोंगर, झाडं, घर. सगळा वर्ग कापूस आणि खळ घेऊन कामाला लागला. अर्ध्या तासानं मी मंजुळापाशी गेले, तर तिचा कागद काळा. कापसाला हातही लावला नव्हता. तिनं एक चौकोन काढला होता, वर पत्र्याच्या रेघा, आणि चौकोनाच्या आत चार माणसं आडवी. लहान मुलं घर काढतात तेव्हा भिंत मानतच नाहीत, आतलं सगळं बाहेरून दाखवतात, ते मला नवीन नव्हतं. माणसांच्या मधोमध एक घमेलं, त्यात लाल-केशरी निखारे. ते निखारे इतके जिवंत काढले होते की मी दोन क्षण बघतच राहिले. पण बाकी सगळा चौकोन तिनं काळ्या खडूनं घासून घासून भरला होता. माणसांच्या तोंडावरूनसुद्धा.

"अगं, हे काय केलंस? सगळं चित्र घाण केलंस की."

"धूर हाय, बाई."

"आणि हे कोण?"

तिनं बोट ठेवत सांगितलं. "बा. आई. ह्यो गणू, आमचा लहाना. ही मी, दाराकडं."

"हिवाळा काढायला सांगितला होता ना?"

तिनं बोट घमेल्यावर नेलं. मग म्हणाली, "थंडी लय हाय ना बाई. मग बा घमेलं आत आणतो. दार लावून घेतो."

मी चित्र हातात घेऊन लांब धरलं. आम्हा चित्रकलावाल्यांची ही सवय. डोळे बारीक करायचे आणि तोल बघायचा. डावीकडं माणसांची गर्दी, उजवीकडं नुसता काळा गठ्ठा. नजरेला विसावा कुठंच नाही. मला काय सुचावं? मी म्हटलं, "इथं एक खिडकी काढ. बाहेर चंद्र दाखव. चित्र मोकळं होईल."

"तिथं खिडकी नाय, बाई."

"नसू दे. चित्रात काढायची."

"त्या अंगाला फवारायच्या औषधाची पोती हायत. खिडकी नाय." ती हट्टी नव्हती. नुसतं समजावून सांगत होती मला. मग म्हणाली, "सकाळी डोकं लय दुखतं आमचं. आई वकते."

हे वाक्य मी ऐकलं. कानात शिरलं नाही, असं म्हणण्याची सोय मला नाही. मी त्याला उत्तरही दिलं. म्हटलं, "थंडीनं दुखतं. कानाला बांधत जा काहीतरी." आणि तिच्या हातातून कागद घेतला.

संध्याकाळी दार लावून मी त्या चित्रावर हात फिरवला. खोडरबरानं आणि पांढऱ्या पोस्टर कलरनं धूर जेवढा निघेल तेवढा काढला. चारही चेहरे स्वच्छ केले. उरलेल्या काळ्याचा छान करडा केला. उजव्या भिंतीला चार तावदानांची खिडकी काढली, एक तावदान जरा उघडं, बाहेर निळं आभाळ आणि चंद्राची कोर. छपराला कापूस चिकटवायचा मोह झाला होता, तेवढा आवरला. निखाऱ्यांना मात्र बोट लावलं नाही. ते मलाही तसे जमले नसते. चित्र लांब धरून बघितलं आणि मी स्वतःवर खूश झाले. चौघं जण उबेत झोपलेले आणि खिडकीतून चंद्र बघतोय. बघणाऱ्याच्या पोटात माया यावी असं चित्र झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मंजुळाला दाखवलं. तिनं खूप वेळ बघितलं. खिडकीवरून बोट फिरवलं आणि रंग बोटाला लागतो का ते पाहिलं.

"आवडलं?"

तिनं मान हलवली. मी विचारलं, "चित्र कुणी काढलं म्हणून विचारलं तर?"

"मीच काढलं," ती म्हणाली. परीक्षकांनी विचारलं तेव्हाही तिनं तसंच सांगितलं. परीक्षक म्हणाले, इतकी लहान मुलगी आणि केवढी ही समज, ती खिडकी बघा! पहिला नंबर आला. हेडसरांनी चित्र काचेच्या फ्रेममध्ये घालून ऑफिसच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असं लावलं. मी आठवडाभर तरंगत होते. घरीसुद्धा दोनदा सांगून झालं.

मग जानेवारीत ती थंडी आली. आमच्याकडं थंडी पडते म्हणजे बाहेरच्यांना वाटतं, हवा छान असेल. निफाडला तशी पडली की द्राक्षबागायतदाराची झोप उडते. मणी तडकतात, वर्षाची मेहनत वाया जाते. म्हणून रात्रीच्या रात्री बागेत जागोजागी पेटवायचं आणि धूर करायचा, की थंडी खाली उतरू नये. सकाळी माझी एसटी त्या धुरातूनच जायची. नाकातोंडाला पदर लावून आम्ही बसायचो. मजुरांना त्या दिवसांत दिवसा बागेत काम आणि रात्री बागेतल्या शेकोट्यांवर पाळी.

त्या सकाळी मी शाळेत पोचले तर प्रार्थना झाली नव्हती. शिपाई फाटकापाशी उभा होता. म्हणाला, "मळ्यात घात झाला बाई. सुरगाण्याच्या बिऱ्हाडात." मंजुळाचा बाप रात्रभर बागेत धूर करत होता. जाताना त्यानं खोलीत घमेलं भरून निखारे ठेवले, बायको-पोरं गारठू नयेत म्हणून, आणि दार बाहेरून नीट ओढून घेतलं. उजाडताना आला. गणू गेला होता. दोन वर्षांचा होता. बायको बेशुद्ध होती, तिला नाशिकला सिव्हिलला नेलं. मंजुळा दाराच्या फटीशी झोपलेली, म्हणून वाचली.

शिक्षकांच्या खोलीत सगळे हळहळत होते. कुणी म्हणालं, अडाणी माणसं, काय करणार. कुणी म्हणालं, मळेवाल्याची चूक, औषधांच्या खोलीत माणसं ठेवतात का? मग एक बाई म्हणाल्या, "खोलीला साधी खिडकीसुद्धा नव्हती म्हणे."

माझ्या हातात खडूचा डबा होता, तो मी टेबलावर ठेवला. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. मला सगळं माहीत होतं. खोली, पत्रा, घमेलं, दार लावलेलं, सकाळची डोकेदुखी, आईची ओकारी. जिल्ह्यात फक्त मलाच माहीत होतं, आणि तेही रंगवून, नावासकट हातात दिलं होतं. दुसऱ्या कुणी, एखाद्या कंपाउंडरनं, एखाद्या म्हाताऱ्या बाईनं ते चित्र बघितलं असतं तर म्हटलं असतं, अगं पोरी, तुझ्या बापाला सांग दार उघडं ठेवायला. एवढंच तर सांगायचं होतं. मी बघितला चित्राचा तोल.

मी कुणाला बोलले नाही. हेडसरांना नाही, घरी नाही. चित्र तिथंच होतं, ऑफिसच्या बाहेर, लाल रिबीन लावलेलं. आठ-दहा दिवस मी मागच्या दारानं वर्गात जायचे.

मग एक दिवस दुपारच्या सुट्टीत मंजुळा आणि तिचा बाप शाळेत आले. बायको सिव्हिलमधून सुटली होती, तिला घेऊन ते डोंगरात परत निघाले होते; ती एसटीच्या थांब्यावर बसली होती. तिकडच्या शाळेसाठी कागद हवा होता. हेडसर लिहून देत होते. त्यांनी मला हाक मारली, "बाई, या, तुमची विद्यार्थिनी निघालीय." जावंच लागलं.

बाप बारीक अंगाचा, वयानं तिशीच्या आतलाच असेल. हात जोडून दारात उभा होता. त्याला मी याआधी चित्रातच पाहिलं होतं. मंजुळाच्या अंगात तोच स्वेटर. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

निघताना तो भिंतीपाशी थांबला. वाचता येत नव्हतं त्याला, पण घमेलं ओळखलं. जवळ गेला. लेकीनं त्याला एकेक करून दाखवलं, जसं मला दाखवलं होतं. "ह्यो तू. ही आई. ह्यो गणू."

तो गणूपाशी थांबला. मी चेहरे स्वच्छ केले होते ना, त्यामुळं गणूचा चेहरा छान दिसत होता. गोल, डोळे मिटलेले. बापानं बोट काचेजवळ नेलं आणि लावलं नाही.

"फोटू नाय त्याचा एक बी," तो म्हणाला. मग हेडसरांकडं वळून, "साहेब, ह्ये नेऊ का?"

हेडसर घुटमळले. बक्षिसाचं चित्र, शाळेच्या दप्तरात नोंद झालेलं. मी स्टूल ओढलं, वर चढले, फ्रेम काढली आणि मागचे खिळे उचकटून चित्र बाहेर काढलं. निदान एवढं तरी मला करता आलं.

त्यानं चित्र दोन्ही हातांनी धरलं आणि उजेडाकडं नेलं. बराच वेळ बघत होता. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मंजे, आपल्याला खिडकी कुठं होती गं?"

मंजुळानं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तक्रार नव्हती. वर्गात उत्तर सांगण्याआधी पोरं बाईंकडं बघतात ना, तसं बघितलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. हेडसर शेजारी उभे होते, शिपाई होता, चार पोरं जमली होती. मी हातातले खिळे मोजत राहिले.

"मीच काढली," मंजुळा म्हणाली. स्पष्ट, मान वर करून, मी शिकवलं होतं तसं.

बापानं तिला पोटाशी घेतलं. "बरं केलंस," तो म्हणाला. "तेवढंच वारं लागंल त्याला."

मी चित्राची गुंडाळी केली, वर रबर लावलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं पुन्हा हात जोडले, मला. दोघं फाटकातून एसटीच्या रस्त्याकडं गेली. मी माझ्या तासाला गेले. चौथीचा होता, भेंडीचे ठसे होते.

त्यानंतर मी चित्रांवर हात फिरवणं सोडलं. शाळेची बक्षिसं थांबली. हेडसर म्हणाले, बाईंचा उत्साह गेला. पोरानं काय काढलंय ते मी त्याला विचारायला लागले आणि सांगितलेलं ऐकायला लागले, एवढाच काय तो बदल. दर हिवाळ्यात मळ्यांतून फिरून घमेलं आत घेऊ नका म्हणून सांगायचे. काही ठिकाणी ऐकलं, काही ठिकाणी "बाई, तुम्ही चित्रं शिकवा" असं ऐकून घेतलं. यानं गणू परत येत नाही, आणि मला बरंही वाटत नाही. वाटू नये.

डोंगरातल्या कुठल्या तरी घरात ते चित्र अजून असेल किंवा नसेल. पण त्या दुपारी, त्या बापासमोर, मला जे म्हणता आलं नाही ते आता म्हणते. ती खिडकी मंजुळानं काढली नव्हती, मी काढली होती. तिनं मला दोनदा सांगितलं होतं, की तिथं खिडकी नाही.